कोयीला आंबा म्हणायचं का?

1985 साली बिंगेली, सँडेज आणि टॅमन या तिघांनी कन्या समूहातल्या दीर्घिकांची यादी प्रसिद्ध केली. चिलीतल्या लास कंपानास वेधशाळेच्या अडीच मीटर दुर्बिणीने घेतलेल्या काचेच्या प्लेटा, भिंग आणि सरावलेली नजर, एवढ्या भांडवलावर 2,096 नोंदी. कोणती दीर्घिका समूहातली आणि कोणती त्याच्या मागे कुठेतरी लांब, हे बहुतांशी तिच्या रूपावरून ठरवलेलं होतं. पुढे वेग मोजले गेले तेव्हा या निर्णयांतले बहुतेक बरोबर निघाले. आज संगणकाला शिकवून जे काम करून घेतात ते या लोकांनी डोळ्यांनी केलं, हे विसरू नये.

पण रूप बघून निवड करायची म्हटली की ज्याला रूपच नाही ते सुटतं. दीर्घिकांची एक जमात अशीच सुटली होती. दिसायला हुबेहूब ताऱ्यासारखी. तिला आता अतिसघन बटू दीर्घिका म्हणतात, इंग्रजी आद्याक्षरांवरून यूसीडी. माझ्या ओळखीचे एक मामा-भाची या जमातीवरून वाद घालत असतात. मामा भौतिकशास्त्राचे निवृत्त शिक्षक. स्वतः घासलेल्या आठ इंची आरशाची दुर्बीण बाळगून आहेत. भाची दीर्घिकांच्या वर्णपटांवर संशोधन करते. दोघांचं बोलणं ऐकायला मजा येते, कारण दोघंही हट्टी आहेत आणि दोघांनाही विषय येतो. ते थोडं झाडूनपुसून इथे देतो.

मामा : आधी मला तुझी ही दीर्घिका फोटोत दाखव. मला तर एक ठिपका दिसतो. शेजारी असे शंभर ठिपके आहेत.

भाची : जमिनीवरून घेतलेल्या फोटोत फरक दिसणारच नाही. तूच हिशेब कर ना. कन्या समूह साडेपाच कोटी प्रकाशवर्षांवर. तेवढ्या अंतरावर एक आर्कसेकंद म्हणजे साधारण 260 प्रकाशवर्षं. यूसीडीचा अर्धा प्रकाश ज्या वर्तुळात मावतो त्याची त्रिज्या धर 80 प्रकाशवर्षं. म्हणजे एका आर्कसेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी.

मामा : आणि आपलं वातावरणच ताऱ्याला पाऊण-एक आर्कसेकंदापर्यंत फासून ठेवतं. म्हणजे तारा काय नि ही काय, फोटोत सारखीच. मग तुम्हाला हिचा सुगावा लागला कसा?

भाची : कुणाचीच निवड न केल्यामुळे.

हे उत्तर तिने मुद्दाम तिरकं दिलं, पण ते शब्दशः खरं आहे. दक्षिण आकाशात फोरनॅक्स नावाचा दीर्घिकासमूह आहे, कन्येपेक्षा लहान आणि जरा लांब, सुमारे साडेसहा कोटी प्रकाशवर्षांवर. 1999 साली मायकेल हिल्कर आणि सहकाऱ्यांना त्याच्या मध्यभागी दोन घट्ट ठिपके समूहाच्याच वेगाने जाताना आढळले. त्याच सुमारास मायकेल ड्रिंकवॉटर आणि त्यांचा गट ऑस्ट्रेलियातल्या सायडिंग स्प्रिंगच्या 3.9 मीटर दुर्बिणीवर काम करत होता. तिथे टू-डीएफ नावाचं यंत्र बसवलेलं होतं. दोन अंश रुंदीच्या आकाशात, म्हणजे चार पूर्णचंद्र शेजारी शेजारी ठेवल्यावर होईल एवढ्या पट्ट्यात, ते एकाच वेळी 400 प्रकाशतंतू हव्या त्या ठिपक्यांवर नेऊन ठेवायचं आणि प्रत्येकाचा वर्णपट घ्यायचं. एरवी कोणीही शहाणा माणूस हे तंतू दीर्घिकेसारख्या दिसणाऱ्या गोष्टींवरच लावेल. या गटाने ठरावीक तेजस्वितेपर्यंतचं सगळं घ्यायचं ठरवलं, तारे वाटणारे ठिपकेसुद्धा.

मामा : म्हणजे बहुतेक तंतू वाया.

भाची : वायाच. बहुतेक ठिपके खरोखरच आपल्या आकाशगंगेतले तारे निघाले. पण पाच ठिपक्यांचे वर्णपटावरून काढलेले वेग सेकंदाला दीड हजार किलोमीटरच्या आसपास होते. आपल्या आकाशगंगेतला तारा एवढ्या वेगाने पळायला लागला तर ती त्याला धरून ठेवू शकणार नाही. सूर्याच्या परिसरात सुटकेचा वेग साडेपाचशेच्या आसपास आहे. आणि फार मागची दीर्घिका असती तर वेग कितीतरी हजारांत गेला असता. दीड हजार हा फोरनॅक्सचाच आकडा.

मामा : पाच ठिपक्यांसाठी एवढा खटाटोप!

भाची : हो, आणि त्या पाचांमुळे 2001 मध्ये स्टीव्हन फिलिप्स आणि मंडळींनी या जमातीला नावही दिलं.

मला स्वतःला या सगळ्या प्रकरणात सर्वांत मोलाचा वाटतो तो हा वाया जाऊ दिलेला वेळ. मोठ्या दुर्बिणीची एकेक रात्र मागून घ्यावी लागते, अर्जात नेमकं काय सापडणार ते लिहावं लागतं. ‘तारे वाटणाऱ्या गोष्टी तारेच आहेत का ते बघायचं आहे’ असं लिहिणं धाडसाचं आहे. यूसीडी दिसायला लागण्यासाठी नवी, मोठी दुर्बीण लागली नाही. फोरनॅक्सचे हे ठिपके जुन्या प्लेटांवरही होते. कोणाकडे बघायचं याची अट तेवढी सैल करावी लागली.

मामांचा खरा आक्षेप मात्र इथून पुढे सुरू होतो.

मामा : ठीक आहे. ठिपका समूहात आहे, मान्य. पण समूहात आहे म्हणून ती दीर्घिका? कन्या समूहातल्या एम 87 या दीर्घिकेभोवती बारा हजारांवर गोलाकार तारकागुच्छ आहेत. त्यांचाही वेग समूहाचाच येणार. तुझी यूसीडी म्हणजे त्यांतलाच एक जरा खाऊनपिऊन सुखी गुच्छ नाही कशावरून?

भाची : आकारावरून. गोलाकार गुच्छ हलका असो की जड, त्याची अर्ध्या प्रकाशाची त्रिज्या दहा प्रकाशवर्षांच्या आसपासच राहते. साधारण वीस लाख सूर्यांएवढ्या वस्तुमानाच्या पुढे गेलं की हे बदलतं. जितकी जड, तितकी मोठी. यूसीडी 30 पासून 300 प्रकाशवर्षांपर्यंत पसरलेल्या असतात. हबलने वातावरणाच्या वर जाऊन हे आकार मोजले. शिवाय आतल्या ताऱ्यांच्या वेगांतली तफावत बघ. फोरनॅक्सच्या यूसीडींची मापं 2003 मध्ये आली तेव्हा ती सेकंदाला 24 ते 37 किलोमीटर निघाली. साध्या गुच्छात ती यापेक्षा बरीच कमी असते.

मामा : तू ‘पुढे गेलं की बदलतं’ म्हणतेस, पण मधे फट कुठे आहे? सगळे आकडे एका आलेखावर मांडले तर गुच्छ संपून यूसीडी सुरू झाली असं बोट ठेवता येतं का? उलट मी वाचलं आहे की समूहातल्या यूसीडींची संख्या मोजली तर ती गोलाकार गुच्छांच्या गर्दीचं सर्वांत तेजस्वी टोक म्हणून चपखल बसते. लाखात एक माणूस सात फूट उंच असतो. त्याला आपण वेगळी जात म्हणत नाही.

भाची : संख्येवरून तुझं म्हणणं बरोबर आहे. हिल्कर आणि मिस्के यांच्या गटानेच ते दाखवलं. पण संख्या जुळली म्हणून प्रत्येक ठिपक्याचा जन्म तसाच झाला असं नाही होत.

मामा : जन्म! आता जन्मावर आलीस.

भाची : येणारच. बऱ्याच बटू दीर्घिकांच्या मधोमध एक घट्ट, तेजस्वी गाभा असतो. अशी दीर्घिका समूहाच्या मध्यभागातल्या राक्षसी दीर्घिकेच्या फार जवळून वारंवार गेली की भरतीचं बल तिचे बाहेरचे तारे ओरबाडून नेतं. गाभा घट्ट असतो, तो टिकतो. बेकी, काउच आणि ड्रिंकवॉटर यांनी 2001 मध्येच संगणकावर हे करून दाखवलं होतं. आंबा खाऊन टाकला, कोय उरली. यूसीडी म्हणजे ती कोय.

मामा : मग कोयीला आंबा का म्हणतेस?

यावर ती थोडी थांबली. मामांनी अर्थातच पुढे रेटलं.

मामा : गंमत नाही करत. जिचे नव्वद-पंच्याण्णव टक्के तारे गेले, जिच्यात वायू नाही, नवा तारा जन्माला येत नाही, तिला कोणत्या मापाने दीर्घिका म्हणायचं? शिवाय तुझी कोय न खाता तयार होते याचा पुरावा माझ्याकडे आहे. कुंभ राशीत एनजीसी 7252 आहे, बावीस कोटी प्रकाशवर्षांवर. दोन दीर्घिका एकमेकींत घुसल्या, त्या धुमश्चक्रीत डब्ल्यू 3 नावाचा गुच्छ जन्मला. वस्तुमान आठ कोटी सूर्यांचं, आणि वय? काही कोटी वर्षं, तीस ते पन्नास. आकार, वजन सगळं तुझ्या यूसीडीसारखं. कुणाचीही कोय नाही ती, कुणाला ओरबाडलेलं नाही. फेलहाउअर आणि क्रूपा हेच तर सांगत होते, की अनेक गुच्छ एकमेकांत मिसळून इतका जड गोळा तयार होऊ शकतो.

भाची : डब्ल्यू 3 मला नाकारता येत नाही. नाकारायचीही नाही. दोन्ही वाटांनी अशा वस्तू बनतात. प्रश्न एवढाच, की समोरचा ठिपका कुठल्या वाटेने आला ते ओळखता येतं का.

मामा : येतं?

भाची : काहींच्या बाबतीत, अगदी ठामपणे. एम 60-यूसीडी1.

हे उदाहरण निघालं की भाचीचा आवाज चढतो, आणि तो चढावा अशीच ती गोष्ट आहे. एम 60 ही कन्या समूहातली मोठी लंबवर्तुळाकार दीर्घिका. तिच्यापासून जेमतेम 22 हजार प्रकाशवर्षांवर हा ठिपका. जे. स्ट्रेडर आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये त्याची नोंद केली तेव्हाच त्याला जवळच्या विश्वातली सर्वांत दाट दीर्घिका म्हटलं गेलं. त्याचे अर्धे तारे 80 प्रकाशवर्षं त्रिज्येच्या गोलात. सूर्याभोवती तेवढी त्रिज्या घेतली तर काही हजार तारे मोजून होतात. तिथे कोट्यवधी आहेत. तिथल्या एखाद्या ग्रहावरून नुसत्या डोळ्यांनी दहा लाख तारे दिसतील. तिथे कुणाला नक्षत्रं पाठ करावी लागली असती तर कठीण होतं.

यूसीडींच्या बाबतीत तोवर एक हिशेब जुळत नव्हता. ताऱ्यांच्या वेगांवरून काढलेलं वस्तुमान आणि प्रकाशावरून काढलेलं वस्तुमान यांत फरक यायचा. वेग सांगायचे की आत दिसतं त्याहून जास्त काहीतरी आहे. कुणी कृष्णपदार्थ म्हणालं. कुणी म्हणालं, तिथे जन्मलेल्या ताऱ्यांत जडांचं किंवा अगदी मंदांचं प्रमाणच वेगळं असेल. तिसरी शक्यता कृष्णविवराची. 2014 मध्ये अनिल सेठ आणि सहकाऱ्यांनी हवाईतल्या जेमिनी दुर्बिणीने, वातावरणाची थरथर भरून काढणारी प्रणाली वापरून, या एवढ्याशा ठिपक्याच्या आत वेग कसकसा बदलतो याचा नकाशा काढला. मध्याकडे जाताना वेग असा चढत गेला की उत्तर एकच उरलं. मधोमध 2 कोटी 10 लाख सूर्यांएवढं कृष्णविवर. आपल्या आकाशगंगेच्या मध्यातलं चाळीस लाखांचं आहे.

भाची : आता प्रमाण बघ. अख्ख्या यूसीडीचं वस्तुमान 14 कोटी सूर्य, त्यातलं पंधरा टक्के एकट्या कृष्णविवराचं. आपल्याकडे हे प्रमाण एका टक्क्याचा शंभरावा भागही नाही. तारकागुच्छात एवढं मोठं कृष्णविवर तयार व्हायची काही वाट नाही. ते मोठ्या दीर्घिकेच्या पोटातच वाढतं. दीर्घिका गेली, ते राहिलं.

मामा : एक उदाहरण.

भाची : 2017 मध्ये आणखी दोन, व्हीयूसीडी3 आणि एम 59सीओ. 2018 मध्ये फोरनॅक्सच्या यूसीडी3 मध्येही, 35 लाख सूर्यांचं.

मामा : बरं, चार. आणि तुमच्या यादीत आहेत किती?

भाची : कन्या समूहाचा शंभर चौरस अंशांचा पट्टा हवाईतल्या कॅनडा-फ्रान्स-हवाई दुर्बिणीने पिंजून काढला, त्यात 2020 पर्यंत सहाशेच्या वर उमेदवार निघाले.

मामा : ‘उमेदवार’ हा शब्द तूच वापरलास बरं का.

मामा इथे बरोबर जागी बोट ठेवतात. या सहाशेंचा प्रत्येकाचा वेग मोजलेला नाही. त्यांतले बरेच रंगांवरून निवडलेले आहेत. ही रंगांची युक्ती मला फार आवडते. नुसत्या निळ्या-तांबड्या रंगांत आपल्या जवळचा तारा आणि दूरचा तारकागुच्छ एकमेकांत मिसळून जातात. पण अतिनील, तांबडा आणि अवरक्त असे तीन प्रकाश एकत्र घेऊन आलेख काढला की ते वेगळे पट्टे होऊन सुटतात. कारण सरळ आहे: एकट्या ताऱ्याला एकच तापमान असतं, गुच्छात थंड आणि उष्ण तारे मिसळलेले असतात. 2014 मध्ये मुन्योझ आणि सहकाऱ्यांनी कन्या समूहासाठी हे मांडलं. त्याच आलेखात मागच्या दूरच्या दीर्घिकाही बाजूला पडतात.

दुसरी युक्ती याहून चतुर. गाया हे अंतराळयान आपल्याच आकाशगंगेतल्या ताऱ्यांच्या जागा मोजायला पाठवलेलं. ते प्रत्येक ठिपका बिंदूच आहे असं धरून चालायचं. ठिपका किंचितही पसरट असला की त्याचं मोजमाप बिघडायचं, आणि किती बिघडलं याचीही नोंद राहायची. कॅरीना फोगल आणि सहकाऱ्यांनी 2020 मध्ये नरतुरंग ए या सव्वा कोटी प्रकाशवर्षांवरच्या दीर्घिकेभोवतीचे ठिपके घेतले आणि ज्यांचं मोजमाप बिघडलं होतं तेच वेचले. त्यांतूनच तेजस्वी गुच्छ आणि यूसीडी हाती लागल्या. हे ऐकून मामा खूश झाले. आयुष्यभर प्रयोगवहीतली चूक खोडू नका, नोंदवा, असं मुलांना सांगत आले आहेत ते.

मामा : युक्त्या छान आहेत. तरी माझा मुद्दा तसाच आहे. सहाशे उमेदवार, चार कृष्णविवरं. बाकीच्यांना कोय म्हणायचा हक्क तुला कुणी दिला?

भाची : मला मधली पायरी दाखवता आली तर? अर्धवट खाल्लेला आंबा?

मामा : दाखव.

भाची : 2023 मध्ये कायशियांग वांग, एरिक पेंग आणि सहकाऱ्यांनी कन्या समूहात 106 अशा वस्तू मांडल्या. एका टोकाला गाभा आणि भोवती अजून शाबूत असलेली बटू दीर्घिका. मग भोवतालचा प्रकाश फिकट होत गेलेल्या. मग नुसती पुसट प्रभा उरलेल्या यूसीडी. शेवटी काहीच न उरलेल्या. काहींना ओढले गेलेले ताऱ्यांचे झुपकेही आहेत. सगळ्या पायऱ्या एकाच समूहात, एकाच वेळी.

मामा : हं. हे आलेखापेक्षा बरं आहे.

मामांच्या तोंडून ‘बरं आहे’ ही फार मोठी कबुली. पण ते तेवढ्यावर थांबणाऱ्यांतले नाहीत.

मामा : तरीही व्याख्या काय? दीर्घिका कशाला म्हणायचं हे तुम्ही लोकांनी ठरवलं आहे का?

भाची : 2011 मध्ये डंकन फोर्ब्स आणि पावेल क्रूपा यांनी याच प्रश्नावर लेख लिहिला आणि शेवटी वाचकांना मतदान करायला सांगितलं.

मामा : विज्ञानात मतदान!

भाची : त्यांनाही ठाऊक होतं ते. चर्चा व्हावी म्हणून केलं. पुढच्याच वर्षी बेथ विलमन आणि स्ट्रेडर यांनी वेगळा प्रस्ताव ठेवला: दिसणारं द्रव्य आणि न्यूटनचं गुरुत्वाकर्षण एवढ्यानेच ज्या तारकासंचाचा हिशेब लागत नाही, ती दीर्घिका. कृष्णपदार्थ, किंवा ताऱ्यांच्या रसायनात अनेक पिढ्यांच्या खुणा, असं काहीतरी हवं.

मामा : मग ही घे गोची. तुझ्या यूसीडीत कृष्णपदार्थ राहिलेला नाही. बाहेरच्या ताऱ्यांबरोबर तोही गेला. या व्याख्येने बहुतेक यूसीडी बाद.

भाची : काही बाद होतील, हो. ज्यांच्यात कृष्णविवर किंवा ताऱ्यांच्या अनेक पिढ्या दाखवता येतात त्या राहतील.

मामा : आणि उरलेल्यांना?

भाची : उरलेल्यांना ‘घट्ट तारकासंच’ म्हण. माझी हरकत नाही.

माझं मत विचाराल तर जड यूसीडींच्या बाबतीत भाची जिंकली आहे. दोन कोटी सूर्यांचं कृष्णविवर पोटात बाळगणाऱ्या वस्तूला गुच्छ म्हणणं म्हणजे पुराव्याकडे पाठ फिरवणं. हलक्या यूसीडींच्या बाबतीत मामा बरोबर आहेत. तिथे ‘दीर्घिका’ हे नाव आधी लागलं, पुरावा अजून यायचा आहे, आणि अनेकांच्या बाबतीत कदाचित येणारही नाही. एकेका ठिपक्याच्या आतल्या वेगांचा नकाशा काढायला मोठ्या दुर्बिणीचे तासन् तास लागतात. जुलै 2023 मध्ये सोडलेली युरोपची युक्लिड दुर्बीण वातावरणाबाहेरून फार मोठं आकाश बारकाईने टिपते आहे. तिने ठिपक्यांचे आकार ढिगाने मिळतील, उमेदवारांची संख्याही वाढेल. इतिहास मात्र तिच्या फोटोंत दिसायचा नाही. वर्णपटांची रांग लांबच राहील.

निघता निघता मामांनी ठेवणीतला प्रश्न काढला.

मामा : हे सगळं साडेपाच कोटी प्रकाशवर्षांवर. माझ्या आठ इंचीत दिसेल असं काही आहे का?

भाची : आठ इंची कशाला, नुसत्या डोळ्यांनी दिसेल असं आहे. ओमेगा सेंटॉरी.

नरतुरंगातला हा गोळा टॉलेमीने तारा म्हणून नोंदवला होता. 1677 मध्ये सेंट हेलेना बेटावरून एडमंड हॅलीने तो तारा नसल्याचं ओळखलं. 17 हजार प्रकाशवर्षांवरचा, चाळीस लाख सूर्यांच्या वजनाचा हा आपल्या आकाशगंगेतला सर्वांत मोठा गोलाकार गुच्छ. त्यातल्या ताऱ्यांच्या एकाहून अधिक पिढ्या आहेत, म्हणून अनेक अभ्यासक त्याला आपल्या आकाशगंगेने कधीकाळी गिळलेल्या दीर्घिकेचा गाभा मानतात. 2024 मध्ये हबलच्या वीस वर्षांच्या चित्रांवरून त्याच्या मध्यात सात फार वेगवान तारे सापडले. त्यांना धरून ठेवायला किमान 8,200 सूर्यांचं कृष्णविवर हवं, असं ते शोधणारे म्हणतात. ते तेवढं जड नाही असं म्हणणारेही आहेत. अशी दुसरी वस्तू धनू राशीत आहे, एम 54. ती तर अजून स्वतःच्या दीर्घिकेच्या मध्यातच बसलेली आहे: 1994 मध्ये सापडलेली धनू बटू दीर्घिका, जिला आपली आकाशगंगा सध्या ओरबाडते आहे. 1778 साली मेसियेने एम 54 ची नोंद केली तेव्हा भोवतालची दीर्घिका कुणाला दिसणं शक्य नव्हतं.

ओमेगा सेंटॉरी महाराष्ट्रातून दिसतो. मेच्या मध्यावर, चंद्र नसलेल्या रात्री, साडेदहाच्या सुमारास चित्रा तारा दक्षिणेला सर्वांत उंच येतो. त्याच्या सरळ खाली क्षितिजाकडे या. पुण्याहून क्षितिजाच्या वर सुमारे 24 अंशांवर, नागपूरहून 21, पणजीहून 27, एक पुसट, किंचित पसरट ठिपका सापडेल. शहराचे दिवे मागे टाकून, दक्षिणेचं क्षितिज मोकळं असेल अशा जागी जा. साधी द्विनेत्रीसुद्धा पुरते.